धाकूची डावी गाठ

कुणाला काय खुपेल ह्याला धरबंध नसतो. एखाद्याला शेजाऱ्याची आंब्याची कलमं खुपतात, एखाद्याला भावकीतल्या पोराची कचेरीतली नोकरी. पूर्णगडच्या धाकू पावसकराला बाळा तांडेलाचे डोळे खुपत. घर नव्हे, गलबत नव्हे, नुसते डोळे. बाळा खाडीच्या तोंडाशी उभा राहायचा, लांबच्या शिडाकडे नजर टाकायचा आणि म्हणायचा, "ह्यां दाभोळचां गलबत. शिडाला ठिगळ हाय." आणि ते दाभोळचंच निघायचं, ठिगळासकट. शेजारी बसलेला धाकू अशा वेळी तोंड फिरवून उगीचच खाकरायचा.

कारण एके काळी हे सांगायचं काम धाकूचं होतं. गलबतावर तो सुकाणी, आणि बाळा तेव्हा खलाशांचा भात शिजवणारा. वारा कसा वाचायचा, पाण्याच्या रंगावरून खडक कसा ओळखायचा, हे बाळाला शिकवलं धाकूनंच. पुढे, तेवीस-चोवीस सालच्या सुमारास, धाकूला भर चैत्रात धुकं दिसायला लागलं. "काय धुकां पडलांय," तो म्हणायचा, आणि बाकीचे खलाशी एकमेकांकडे बघायचे. एकदा मंगलोरी कौलं भरून येताना त्यानं मासेमारांचे खुंट होडी समजून सुकाणू वळवलं आणि गलबत वाळूला घासलं. फुटलं काही नाही. पण पुढच्या फेरीला मालकानं सुकाणू बाळाच्या हातात दिलं, आणि आणखी दोन-चार पावसाळ्यांनी बाळा तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, झाला.

बरं, हा बाळा जरा माजला असता, दोन शब्द टाकून बोलला असता, तर धाकूचं पोट हलकं झालं असतं. शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो मेला चांगला होता. वाटेत भेटला की वाकायचा, म्हणायचा, "धाकूदादा, तुमी शिकवलात म्हणून." धाकूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्याचा हेवा करायचा तो माणूस निदान वाईट तरी असावा, एवढीही सोय देवानं ठेवली नव्हती.

दर्या सुटल्यावर धाकू छोटी गलबतं करायला लागला. गावात चाल अशी की नारळी पुनवेला वाजतगाजत नारळ समुद्रावर न्यायचा, आणि नारळाच्या पुढे एक छोटं गलबत चालवायचं. हातभर लांबीचं, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं, खऱ्यासारखी डोलकाठी, खऱ्यासारखं शीड. ज्यानं ते केलं त्यानंच ते हातात धरायचं. पाण्याशी पोचलं की गावातला प्रत्येक दर्यावर्दी त्या गलबताला हात लावून मग नमस्कार करायचा, आणि त्यानंतरच होड्या पाण्यात लोटायच्या. संध्याकाळी ते देवळात आढ्याला टांगायचं. धाकूनं दर्या सोडल्यापासून ते गलबत त्याचंच असायचं, आणि वर्षातल्या त्या एका दिवशी बाळा तांडेलसुद्धा त्याच्यापुढे येऊन, मान वाकवून, गलबताला हात लावायचा. धाकू त्या एका क्षणासाठी वर्ष काढायचा म्हटलं तरी खोटं नाही.

डोळे मात्र दर वर्षी जरा जरा जात होते. रत्नागिरीच्या डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं, मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की काढू. धाकूनं "डोळा म्हंजे काय फणस हाय?" असं म्हणून परतीची वाट धरली ती पुन्हा गेला नाही. त्याची कामाची रीत वेगळीच होती. लाकूड तासायचं ते बोटांनी चाचपून. आणि बारीक काम, म्हणजे दोऱ्या, गाठी, शिडाची शिवण, हे तपासायचं ओठांनी. बोटांना घट्टे पडलेले, त्यांना दोरा समजत नसे, पण ओठाला सगळं कळतं. गलबत तोंडाशी धरून तो ओठ फिरवत जायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बघणाऱ्याला वाटावं म्हातारा पावा वाजवतोय.

सुया ओवून द्यायचं काम त्याच्या बायकोचं, सावित्रीचं. सकाळची भाकरी झाली की ती उंबऱ्यापाशी उजेडात बसायची, डाव्या हातानं भराभर सुया ओवायची आणि त्याच्या चुंबळीत टोचून ठेवायची. सावित्री डावखुरी. सासूनं ओरडून ओरडून वाढायचा हात तेवढा उजवा करून घेतला होता, बाकी कोयता, सुई, केरसुणी सगळं डाव्यानंच चाले. धाकू दुपारपर्यंत काम करायचा, जेवायचा, आणि मग खाडीवर जाऊन बसायचा, बाळा नसेल तेव्हा. अर्धवट गलबत पडवीत फळीवर पडलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओठाला लावून तो म्हणायचा, "काल घाईत बांधली, पण गाठ बघ कशी बसलीय. हात म्हंजे हात." सावित्री म्हणायची, "व्हय."

त्यात एक गंमत झाली. एकदा गाठ तपासताना ओठाला कळलं की गाठीचा पीळ डावीकडून आत गेलाय आणि टोक खाली दडवलंय. धाकूला स्वतःलाच नवल वाटलं. त्यानं दुसरी तपासली, तिसरी तपासली. सगळ्या तशाच. डोळे गेले तसा हात शहाणा झाला, असं त्यानं ठरवून टाकलं. एवढ्यावर थांबला असता तर धाकू कसला? देवळाच्या पायरीवर बसून तो सगळ्यांना सांगायचा की पूर्णगडपासून देवरूखपर्यंत ही डावी गाठ कुणाच्या हातात नाही, डोळे असलेल्यांच्या तर नाहीच नाही. हे शेवटचं कुणासाठी होतं ते गावातल्या कुत्र्यालाही कळत होतं.

असं सगळं बरं चाललेलं असताना, तीस सालच्या पावसाच्या तोंडाशी बाळाचा मुंबईचा मेहुणा बोटीनं रत्नागिरीला उतरला आणि एक पेटी घेऊन पूर्णगडला आला. पेटीवर जहाजाचं रंगीत चित्र. तीन डोलकाठ्या, ढीगभर शिडं. आत त्या जहाजाचे सगळे तुकडे कापून तयार: पातळ फळ्या, काडीएवढ्या डोलकाठ्या, मुगाच्या दाण्याएवढ्या पितळी कप्प्या, आणि कुठला तुकडा कुठे लावायचा ते दाखवणारा मोठा कागद. मुंबईत कुणा साहेबानं घर मोडताना दिलेली पेटी, उघडलेलीसुद्धा नव्हती. गाव लोटलं बघायला. धाकूही गेला. चित्र त्याला दिसलं नाही, पण बाळानं एक कप्पी त्याच्या तळहातावर ठेवली. धाकूनं ती ओठाला लावली. तिच्यातलं चाक फिरत होतं.

त्या दिवसापासून त्याला भात गोड लागेना.

मग शिवा गुरव देवळात सहज बोलून गेला की बाळानं जहाज पुरं केलं तर औंदा नारळापुढे तेच चालवायला काय हरकत आहे, देवीलाही जरा नवीन बघायला मिळेल. धाकूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो थेट म्हणाला, "विलायती जहाज? देवीपुढे? अरे देशात लोक विलायती कापडाच्या होळ्या करतायत, मिठासाठी तुरुंगात जातायत, आणि आपण साहेबाची बोट डोक्यावर घेऊन नाचायचां?" धाकूला स्वदेशीचा हा उमाळा पहिल्यांदाच आला होता. त्याच्या काडेपेटीवर स्वीडनचं नाव होतं आणि शिडाला तो वापरत होता ते मांजरपाट कुठल्या देशाचं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. गुरव म्हणाला, "बघू. पुनवेच्या आदल्या दिवशी दोन्ही देवळात आणा. जां चांगलां बसलांय तां पुढे जाईल."

झालं. इतकी वर्षं ज्याला विचारायची कुणाची छाती नव्हती, त्याची आता परीक्षा लागली. धाकूनं पांगाऱ्याचा नवा ठोकळा काढला आणि कामाला लागला. पाऊस कौलांवर कोसळत होता, पडवीत उजेड नावालाच. पण धाकूला उजेडाशी काय करायचंय? त्याचा जीव उजेडापेक्षा बाळाच्या पडवीत जास्त अडकला होता. पावसाळ्यात दर्या बंद, बाळा घरीच. बसला असेल कागद पसरून. दिसतंय ना त्याला. त्याला काय, डोळे आहेत, बघायचं आणि चिकटवायचं. आपण इथे एक खिळा बसवायला बोट तीनदा ठेचून घेतो. असा विचार आला की तो पटाशी खाली ठेवायचा आणि नुसताच बसायचा.

आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे सावित्री रोज दुपारी बाळाच्याच घरी जायला लागली. बाळाच्या बायकोनं, गंगुबाईनं गोधडी घातली होती, आणि गोधडी शिवायला दोघीतिघी लागतात.

"त्या घरात पाय ठेवू नकोस," धाकू म्हणाला.

"गोधडी अर्धी टाकून येऊ काय?" सावित्री म्हणाली. "गंगुबाई काय म्हणेल?"

धाकू पुटपुटला. पण संध्याकाळी ती परत आली की त्याच्यानं राहवायचं नाही. सुपारी कातरता कातरता विचारायचा, "त्याच्या बोटीचां कुठवर आलां?"

"दोन डोलकाठ्या उभ्या झाल्या."

"कलत्या असतील."

"नाय. सरळ हायत."

सुपारी तशीच राहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा: "शिडां लावलीन?" "लावली." "शिवण कशी?" सावित्री जरा थांबायची आणि म्हणायची, "बारीक हाय. बरी झालीय." तिच्या आवाजात काहीतरी असायचं. कौतुक होतं ते, दुसरं काय? आपल्या बायकोनं दुसऱ्याच्या शिवणीचं कौतुक करावं! तीस वर्षांच्या संसारात धाकूला बायकोचा असा संशय कधी आला नव्हता. तसला नव्हे हो. पण ती बाळाच्या बाजूची झाली असं त्याला वाटायला लागलं, आणि हे तसल्या संशयापेक्षा वाईट होतं. तो तिच्याशी तुटक बोलायला लागला. ती मात्र सकाळी सुया ओवून ठेवायची ती ठेवायचीच.

पुनवेच्या आदल्या दिवशी पावसानं उघडीप दिली. दुपारी दोन्ही गलबतं देवळात आली. सभामंडपात घोंगडं पसरून त्यावर ठेवली. एका बाजूला धाकूचं, पांगाऱ्याचं, एका डोलकाठीचं, पांढऱ्या शिडाचं. दुसऱ्या बाजूला बाळाचं तीन डोलकाठ्यांचं जहाज. लोक वाकून वाकून बघत होते. बायका खांबापलीकडे उभ्या होत्या, त्यात सावित्री होती. तिचं हिरवं लुगडं तेवढं धाकूला हिरवट डागासारखं दिसत होतं. कुणी म्हणत होतं, "ह्यां काय काम हाय!" कुणी म्हणत होतं, "नुसता दोर बघ." सगळे कुठे बघत होते ते धाकूला बघायची गरज नव्हती. आवाज ज्या बाजूला वळले होते त्यावरून कळत होतं.

"मला बघू दे," तो म्हणाला, आणि जहाजाशी उकिडवा बसला. जहाज उचलून ओठाला लावलं. मंडपात खसखस पिकली. "धाकूदादा बोटीचा मुका घेतायत," कुणीतरी म्हणालं. धाकूनं लक्ष दिलं नाही. त्याला खोट शोधायची होती. फळी उचकटलेली, डिंक बाहेर आलेला, काहीतरी. ओठ फळ्यांवरून गेला. सांधा लागला नाही. शिडांवरून गेला. शिवण खरंच बारीक होती. मग तो दोऱ्यांशी आला, जिथे दोरी डोलकाठीच्या पायाशी बांधतात तिथे. आणि तिथे थांबला.

पीळ डावीकडून आत गेला होता. टोक खाली दडवलेलं होतं.

त्यानं दुसऱ्या डोलकाठीशी बघितलं. तिसऱ्या. सगळ्या गाठी त्याच.

धाकूच्या छातीत एकदम हलकं झालं. इतक्या वर्षांनी शेवटी बाळा वाईट निघाला! तो जहाज घेऊन उभा राहिला. "चोर हाय ह्यो," तो म्हणाला. आवाज चढवायची गरज नव्हती, मंडप गप्प झाला होता. "माझी गाठ चोरलीन ह्यानं. सुकाणू घेतलान, मी बोललो नाय. तांडेलकी घेतलीन, बोललो नाय. आता गाठ घेतलीन. शिवा, ये हिकडे, तूच बघ. डावी गाठ हाय का नाय?"

शिवा गुरवानं वाकून बघितलं. "हाय खरी."

"ही कुणाची गाठ?"

"तुमची," गुरव म्हणाला. गावात दुसरं कोण काय म्हणणार? गेली कितीतरी वर्षं सगळ्यांनी तेच ऐकलं होतं.

"बाळा, बोल."

बाळा एकदा खांबाकडे बघून खाली बघायला लागला, पण ते धाकूला कुठे दिसायला? त्याला एवढंच कळलं की चोराला उत्तर नाही. "पेटी माझी हाय," बाळा शेवटी म्हणाला. "बाकी मला काय विचारू नका, धाकूदादा."

"विचारू नको कसा? तू बांधलीस ना? मग हितंच बांधून दाखव." धाकूनं खिशातून दोरा काढला आणि एक काडी पुढे केली. बाळानं दोरा घेतला. दर्यावर मनगटाएवढा जाड दोर वळवणारी ती बोटं. दोऱ्यात गुंतली, सुटली, पुन्हा गुंतली. त्याला साधी गाठसुद्धा पडेना. लोक हसायला लागले, आणि धाकूही हसला. इतक्या मोकळ्या मनानं तो कितीतरी दिवसांनी हसला असेल.

"आण हिकडे," तो म्हणाला. "गाठ कशी बांधतात ती बघा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. धाकूनं काडीभोवती दोरा फिरवला, बोटानं टोक आत सारलं, ओढलं आणि गुरवापुढे धरलं. गुरवानं उजेडात नेऊन बघितलं. पुन्हा बघितलं.

"काय झालां?"

"धाकूदादा, ही उजवीकडे गेलीय."

"खुळा काय रे तू?" धाकूनं काडी ओढून घेतली आणि ओठाला लावली. पीळ उजवीकडे होता. टोक बाहेर आलेलं, गाठ ढिली. ओठानं ढकलली तर सरकली. त्यानं दोरा सोडून पुन्हा बांधली, सावकाश, जीव ओतून. पुन्हा ओठाला लावली. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा त्यानं मुद्दाम डावीकडून न्यायचा प्रयत्न केला आणि दोरा बोटातून निसटून खाली पडला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग त्यानं खाली चाचपत स्वतःचं गलबत उचललं. पांगाऱ्याचं. डोलकाठीच्या पायाशी ओठ नेला. डावी. शिडाच्या कोपऱ्याशी नेला. डावी. तो कितीतरी वेळ ते गलबत तोंडाशी धरून उभा राहिला. मग त्यानं मान वळवली, जिकडे तो हिरवा डाग होता तिकडे. डाग जागचा हलला नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरात रोज सकाळी डाव्या हातानं सुया ओवल्या जात होत्या आणि हा माणूस देवळाच्या पायरीवर बसून गावाला डावी गाठ समजावून सांगत होता.

"चोर नाय ह्यो," धाकू म्हणाला. "गाठ माझ्या घरातलीच हाय. माझ्या हातातली नाय." आणि काठी घेऊन तो एकटाच घराकडे चालायला लागला. वाटेतल्या चिऱ्यांच्या गडग्याला हात लावत लावत गेला, कुणाला बरोबर येऊ दिलं नाही.

सावित्री मागोमाग आली. तो पडवीत भिंतीला टेकून बसला होता. ती उंबऱ्यात बसली, आपल्या नेहमीच्या जागी.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"दर्या सुटला त्या वर्षी शीड उलटां लागलां होतां. तुमी खाडीवर गेलेलात. म्हटलां, लोक हसतील."

"आणि तेव्हापासून रोज?"

"रोज नाय. लागेल तितकां."

"लागेल तितकां म्हंजे किती गो? गाठी तुझ्या. शिवण तुझी?"

"शिवण माझी."

"रंग?"

"रंगसुद्धा," ती म्हणाली. धाकूला वाटलं आता राग येईल, तोंडाला येईल ते बोलता येईल. पण आला तो हेवाच, तोच जुना, बाळाचा हेवा करून करून पोटात ज्याची जागा झाली होती तो. फक्त आता तो आपल्याच उंबऱ्यात बसलेल्या बाईचा होता. "आणि बाळाचां?" त्यानं विचारलं. "तां कशाला केलांस? माझां सावरायचां ठीक. पण माझ्या उरावर त्याची बोट?"

"त्याच्या बोटांत पहिलीच फळी मोडली. गंगुबाई म्हणाली, तुमच्या घरी ह्यां काम चालतां, तुला येतां काय बघ. मी बघायला म्हणून बसलंय. मग उठवेना. मी त्याला सांगितलांय, माझां नाव घेशील तर बघ. इतकी वर्षं तुमच्या गलबतांवर काम केलांय, पण सगळां मधूनच. तुमी केलेलां उसवायचां आणि नीट करायचां. एक तरी पहिल्या फळीपासून करावां असां वाटलां."

"मला सांगितलां असतांस तर?"

"तुमी करू दिला असतात?"

खरं उत्तर दोघांनाही माहीत होतं.

रात्री तो जेवला नाही. सकाळी ढोल वाजायला लागले तरी जागचा हलला नाही. सावित्रीनं सुया ओवल्या नाहीत, त्या दिवशी काम नव्हतं. ती नुसती उंबऱ्यात बसून राहिली, आणि धाकूला तिचं ते बसणं ऐकू येत होतं. शेवटी तो उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "चल."

देवळात सगळे थांबले होते. गुरवानं निकाल दिला नव्हता, त्याची हिंमत झाली नव्हती. धाकू पुढे गेला. लोकांना वाटलं आता हा आपलं गलबत उचलणार, आणि कुणी अडवलंही नसतं, वर्षानुवर्षांचा मान. त्यानं हात पुढे केले ते जहाजाच्या बाजूला. विलायती जहाज. ते उचललं आणि मागे वळून सावित्रीच्या हातात दिलं.

"ज्यानं केलांन त्यानं धरायचां," तो म्हणाला. "चाल अशीच हाय ना, शिवा?"

"पण विलायती..." कुणीतरी कुजबुजलं.

"लाकूड विलायती हाय," धाकू म्हणाला. "गाठ पूर्णगडची हाय."

नारळापुढे बाई कधी चालली नव्हती. म्हातारे चुळबुळले, पण ज्याचा मान त्यानंच दिलाय म्हटल्यावर बोलणार कोण? सावित्री पुढे चालली, पदर डोक्यावरून घट्ट घेऊन, जहाज छातीशी धरून. धाकू दोन पावलं मागे. पाण्याशी पोचल्यावर एकेक दर्यावर्दी पुढे आला आणि जहाजाला हात लावून नमस्कार करून गेला. बाळा तांडेल आला, वाकला, हात लावला. सगळे झाल्यावर थोडा वेळ कुणी पुढे येईना. मग धाकूनं काठी वाळूत रोवली, चाचपत हात पुढे केला, त्याला जहाज सापडलं. त्यानं हात लावला आणि नमस्कार केला. हे सोपं गेलं असं समजू नका. आतून त्याचं काळीज जळत होतं. लोक त्याला मोठ्या मनाचा म्हणाले, पण मोठं मन वगैरे काही नव्हतं. उसना मान अंगाला टोचत होता, तो त्यानं काढून ठेवला, इतकंच.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. त्यानंतर दर वर्षी नारळापुढचं गलबत सावित्रीचं असायचं, तेही उघड, भर दुपारी पडवीत बसून केलेलं. धाकूचे डोळे पुढे पूर्ण गेले, दिवस की रात्र एवढंच कळायचं. तो शेजारी बसून लाकूड तासून द्यायचा आणि चुका काढायचा. पुढची नाळ बोथट झालीय, शीड ढगळ झालंय, अमकं आणि तमकं. ती ऐकून घ्यायची आणि आपल्याला हवं तेच करायची. डावी गाठ शिकव म्हणून त्यानं तिला एकदा गळ घातली. ती शिकवायला बसली, त्याची बोटं धरून. कितीदा तरी बसली. त्याला ती कधी आली नाही, आणि नाही आली म्हणून तो दर वेळी तिच्यावरच चिडला.

अडतीस सालच्या नारळी पुनवेला रत्नागिरीचे कुणी मास्तर देऊळ बघायला आले होते. आढ्याची गलबतं बघून त्यांनी विचारलं, ही कुणी केली? पायरीवर धाकू बसला होता.

"बायकोनं," तो म्हणाला.

मास्तर कौतुकानं बरंच काही बोलले. किती सुबक, किती बारीक, बाईमाणसाच्या हाताला देणगी असते वगैरे. धाकूनं सगळं ऐकून घेतलं. मास्तर चपला घालून निघाले, पायऱ्या उतरले, तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं काठी आपटून त्यांना थांबवलं.

"डोलकाठ्या माझ्या हायत," तो म्हणाला.